दादाच्या वाट्याचा बांध

शिरगाव
६ मे २०२५

दादा,

नमस्कार. हे पत्र काशीबाईच्या टोपलीतून सुक्या बोंबलांच्या शेजारी बसून येतंय, तेव्हा वास आला तर नाक मुरडू नकोस. फोन करायचा तर तुझ्या कानांनी तुझ्याआधीच कारखान्यात निवृत्ती घेतली. आणि धीरजच्या मोबाइलवर निरोप द्यावा तर तुझा लेक माझ्या दहा वाक्यांचं तुझ्यापाशी एक करतो. काशीबाई सातपाटीहून रोज बोईसरच्या बाजाराला मासळी नेते, वाटेत माझ्या ओटीवर टेकून चहा पिते. चहाच्या बदल्यात टपाल. सौदा वाईट नाही.

आता कामाचं. बांध.

माझ्या वाट्याचा मी चढवून घेतला. या वर्षी हातभर जास्त माती घातली. बाबांच्या वेळी उधाणाचं पाणी बांधाच्या कमरेला लागून परत जायचं, आता गळ्याशी येतं. गेल्या वर्षी कापणीनंतर शेताच्या कडेने पांढरं मीठ फुललं होतं, विहिरीचं पाणी मचूळ झालंय, आणि पाऊस तर घरजावयासारखा वागतो, वाटेल तेव्हा येतो, वाटेल तेव्हा रुसतो. आजूबाजूचे लोक दुकानातलं बियाणं आणून आणून थकले. त्या खाऱ्यात उभा राहतो तो आपल्या लाल भाताचा वाण, राताच. आणि तोही आता गावात फक्त माझ्या कणगीत उरलाय. परवा, गुरुवारी, मी तो घेऊन कोळगावला चालले आहे. शेतकी खात्यातल्या साहेबांना बघायचाय म्हणे. दिवसभर घरी नसेन.

तुझा वाटा खाडीच्या तोंडावर आहे, सगळ्यात नाजूक. दोन्ही शेतं मीच कसत असले तरी बांध ज्याचा त्यानेच चढवायचा हे बाबांचं सांगणं मी मोडणार नाही, तूही मोडू नकोस. धीरजला घेऊन ये नाहीतर माणसं लाव, पण पावसाआधी उरकून घे. तुझा बांध पक्का तर माझं पोट पक्कं.

तुझी
सुलू

बोईसर
१२ मे २०२५

चि. सुलू,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं, बोंबील त्याहून आधी संपले.

तुझा हुकूम आला आणि लगेच धीरजला हलवला. तू गुरुवारी कोळगावला गेलीस, त्याच दिवशी आम्ही माणसं घेऊन खाडीच्या अंगाने आलो, माती चढवली आणि संध्याकाळच्या आत परत फिरलो. घराला कुलूप होतं म्हणून भेट नाही. माझा वाटा झाला. आता निर्धास्त राहा.

तू मात्र जरा जिवाला जप. वय झालं की मातीची पाटी उचलणं हा शहाणपणा नव्हे. धीरज परवा म्हणत होता, आत्या अजून किती दिवस हे करणार? साहेबांनी राता बघून काय सांगितलं ते कळव.

तुझा
दादा

शिरगाव
२ जून २०२५

दादा,

तुझ्या तोंडात साखर पडो! तू वेळेवर आलास म्हणून वाचलो. मे महिना संपायच्या आतच पाऊस कोसळला. अर्ध्या गावाचे बांध उघडे पडले, चढवायची माती भिजून खीर झाली. माझा झालेला, तुझा झालेला. मी ओटीवर बसून भजी तळली.

शेजारचा जिवल्या धावत आला. त्याचा बांध माझ्या बांधाला लागून आहे. म्हणतो, "सुलूबाय, तुज्या भावाचा वाटा मी बगून येऊ का? खाडी लय तापलीय." मी त्याला असा झापला की बिचारा चहाही न पिता गेला. आपल्याकडे कोणी "माझा वाटा झाला" म्हटलं की तिकडे बघायला जायचं नाही. जो जातो तो समोरच्याला खोटारडा ठरवतो. आठवतं, लहानपणी मी काकांचा बांध बघायला पळाले होते तेव्हा बाबांनी मला कान धरून परत आणलं होतं? तू दारात उभा राहून हसत होतास. तो कान अजून दुखतो.

कोळगावच्या साहेबांनी राता तळहातावर घेऊन किती वेळ बघितला. म्हणाले, बाई, हे जपा, समुद्र असाच चढत राहिला तर पुढे सगळ्या किनाऱ्याला असंच भात लागणार आहे. एक मूठ ठेवून घेतली. मी घरी आले ती जमिनीपासून दोन बोटं वरून चालत. या वर्षी बेधडक सगळा राता पेरणार आहे, दोन्ही शेतांत. ठेवणीला फक्त एक मडकं.

तुझी
सुलू

बोईसर
१४ जुलै २०२५

चि. सुलू,

आशीर्वाद. भाताचं आवण लावून झालं असेल. सगळं बियाणं एकदम पेरायची घाई करायला नको होती, पण तू ऐकणारी थोडीच.

पेपरात रोज तेच वाचतो. देशभर भाताचं काही खरं नाही म्हणे. कुठे पाऊस नाही, कुठे नको तेवढा, किनाऱ्यावर खारं पाणी. मोठमोठे तज्ज्ञ हात टेकतायत, तिथे तू आणि मी कोण? बाबांचे दिवस गेले, सुलू. त्यांचा समुद्रही गेला. दोन वर्षांपूर्वी ते कोळंबीच्या तलाववाले आपल्या शेतासाठी आले होते तेव्हा तू त्यांना झाडू घेऊन हाकललंस. मी तेव्हा काही बोललो नाही. पण माणसाने काळाची पावलं ओळखावीत, एवढंच म्हणतो. राग मानू नकोस.

दादा

शिरगाव
२६ ऑगस्ट २०२५

दादा,

सगळं गेलं.

पिठोरी अमावास्येचं उधाण, वर आठवडाभराचा पाऊस. भर दुपारी मी गणपतीसाठी ओटी सारवत होते आणि जिवल्या ओरडत आला. जाऊन बघते तर शेत नाहीच, खाडी आहे. पाणी तुझ्या बाजूने आलं, बांध तोंडाशीच फुटलाय. ओहोटी लागली तरी पाणी पुरतं निघेना, पुढच्या भरतीला पुन्हा आत. राता पोटरीला आला होता, दादा. त्याला खार चालतो, पण असं गळ्यापर्यंत बुडवून ठेवलं तर कोण जगेल? आज तो सडल्यासारखा आडवा झालाय आणि वास सुटलाय.

मला तुझंच वाईट वाटलं. एवढी माणसं लावून, खर्च करून तू माती घातलीस आणि तीही टिकली नाही. नव्या मातीचा बांध फुटतो म्हणजे समुद्र केवढा चढला असेल! माझ्या मनात आलं, साहेब म्हणाले ते खरं, पण आपल्या हयातीत बघावं लागेल असं वाटलं नव्हतं. तू स्वतःला बोल लावून घेऊ नकोस. तू तुझं केलंस.

उद्या गणपती. कणगी रिकामी आहे, मोदकांना पीठ जिवल्याच्या घरून आलं. मी रडले. तुला सांगते, दुसऱ्या कोणाला सांगायचं नाही.

तुझी
सुलू

बोईसर
५ सप्टेंबर २०२५

चि. सुलू,

तुझं पत्र वाचून रात्री जेवण गेलं नाही. पण यात कोणाचाच दोष नाही. हे सगळं हवामान बदलामुळे. आपण दोघांनी आपापलं केलं, निसर्गापुढे इलाज नाही.

आता जरा शांतपणे ऐक. जमिनीत खार बसला की दोन-तीन वर्षं भात होत नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तोवर तू खाणार काय? तलाववाले अजून तयार आहेत. त्यांना खाऱ्याच जमिनी लागतात, पण दोन्ही वाटे मिळून. धीरज त्यांच्याबरोबर देखरेखीला राहील, म्हणजे जमीन घरातल्या माणसाच्या नजरेखाली. तू फक्त हो म्हण. बाकी सगळं मी बघतो. तुला मातीची पाटी पुन्हा उचलावी लागणार नाही.

तुझाच
दादा

शिरगाव
२० सप्टेंबर २०२५

दादा,

किती दिवस लिहायला बसते आणि उठते. शेताकडे जाववत नाही. जिवल्या म्हणतो, दोन पावसाळे गोड्या पाण्याने धुऊन निघाले की जमीन परत येईल, बांध बांधू, मी हात लावतो. पण माझ्यात जोर उरलेला नाही. बांध घालायचा आणि समुद्राने एका दुपारी गिळायचा, तर कोणासाठी?

तू म्हणतोस ते बरोबरच असेल. तू नेहमी माझ्यापेक्षा लांबचं बघितलंस. दसऱ्यानंतर धीरजला आणि त्या माणसांना घेऊन ये. सही कुठे करायची ते दाखव. बाबांच्या जमिनीत कोळंबी बघायची माझी छाती नाही, पण तू शेजारी उभा असलास तर करीन.

सुलू

शिरगाव
७ ऑक्टोबर २०२५

आत्माराम,

येऊ नकोस. त्या माणसांनाही आणू नकोस.

काल काशीबाई चहाला थांबली. टोपली खाली ठेवत म्हणाली, "अगो सुलू, तुमचं तलाव कवा चालू होतान? मंग मला कोलंबीसाटी धक्क्यावर भांडायला नको." मला वाटलं, गावभर झालं वाटतं. मी विचारलं, तुला कोणी सांगितलं? "कोनी सांगाला कशाला पायजे? तुजा भाव धीरजच्या कानात बोलत होता, पन आख्ख्या चालीला आयकू गेला. बोल्ला, औंदा बांधाला हात लावायचा नाय, पुडच्या वर्साला थितं आपली कोलंबीच असंल. मला वाटलं, तुमी दोगांनी मिलून ठरवलंय."

कधी बोलला म्हणून विचारलं. "वैशाखान. ती तुजी पयली चिट्टी दिली ना, त्याच दिशी. चिट्टी हातानच होती त्याच्या."

बहिऱ्या माणसाला आपण किती मोठ्याने कुजबुजतो ते कळत नाही, आत्माराम.

तरी मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. ऐकण्यात चूक झाली असेल म्हटलं. मासळीवालीचा शब्द की सख्ख्या भावाचा? मी तुझीच बाजू घेतली. मग मात्र उठले आणि जे आपल्यात कोणी करत नाही ते केलं. तुझ्या वाट्यावरून चालत गेले. माझ्या बांधावर नवी माती उन्हात तडकलेली दिसते, त्यावर जेमतेम हिरवी लव आहे. माझी हद्द संपली आणि पायाखाली जुनं गवत लागलं, गुडघ्याएवढं, मुळं एकमेकांत विणलेली. एक ढेकूळ उपटून बघितलं. आत वर्षा-दोन वर्षांच्या जुन्या मुळ्या आणि चिंबोऱ्यांची बिळं. कुदळीचा एक घाव नाही, मातीची एक पाटी नाही. मग भगदाडाच्या कडेला बसले.

तू आलाच नव्हतास. मी कोळगावला जाणार हे मीच तुला लिहिलं होतं, तोच दिवस तू उचललास. माझ्याच पत्रातून माझ्यासाठी थाप तयार केलीस. मी जिवल्याला तुझ्यासाठी झापलं. तुझी माती वाहून गेली म्हणून मी तुला सांत्वनाचं पत्र लिहिलं, आणि तू ते वाचलंस. ते वाचताना तुझा चेहरा कसा होता ते मला बघायचंय. माझा राता पाण्याखाली सडत होता आणि तू मला हवामान समजावत होतास!

समुद्र चढतोय हे खोटं नाही, ते मी रोज बघते. पण त्याच्या आड लपायला तुला लाज वाटली नाही? समुद्राने माझं शेत कधीतरी घेतलंही असतं. त्याच्याशी मी भांडले असते, हरले असते, तरी मान ताठ ठेवून हरले असते. तू दार उघडं ठेवलंस आणि मला सांगितलंस कडी लावली आहे.

सही मिळणार नाही.

सुलोचना

बोईसर
१५ ऑक्टोबर २०२५

चि. सुलू,

रागात माणूस वाटेल ते लिहितो, म्हणून मी मनावर घेत नाही. काशीबाईने तिखटमीठ लावलं असणार.

धीरज येणार होता. माणसं मिळाली नाहीत, मग पाऊस लवकर आला, राहून गेलं. तुला काळजी नको म्हणून झालं असं लिहिलं. पाणी मी आणलेलं नाही. मी फक्त काही केलं नाही. आणि माती घातली असती तरी या नाहीतर पुढच्या उधाणाला तो बांध जाणारच होता, हे तुलाही ठाऊक आहे. धीरजचा कारखाना बंद होऊन वर्ष झालं, तुला सांगितलं नाही. पोरगा दिवसभर भिंतीकडे बघत बसतो. तुझं शेत आज ना उद्या जाणार होतं, माझं पोर मात्र आज चाललं होतं. मी बाप आहे. मी काय करायला हवं होतं?

तुला विचारलं असतं तर तू झाडू घेतला असतास. दहा वर्षांनी तूच म्हणशील, दादाचं बरोबर होतं. भाऊबीजेला ये. ओवाळ, जेव, मग हवं तेवढं भांड.

तुझा
दादा

शिरगाव
१७ मे २०२६

आत्माराम,

भाऊबीजेला आले नाही. त्यानंतरची तुझी तीन पत्रं काशीबाईने आणून दिली, ती मी फोडली नाहीत. तिला वाईट वाटतं, आपल्यामुळे झालं म्हणते. मी तिला सांगितलं, तुझ्यामुळे कळलं, झालं दुसऱ्या कोणामुळे.

हे एक पत्र लिहिते, कारण तुझ्या जमिनीला मी हात लावलाय आणि ते तुझ्या कानावर घालायला हवं. तुझ्या वाट्याचा बांध मी चढवला. बाबांचं सांगणं मोडलं. जिवल्या, त्याच्या दोन्ही सुना आणि मी, होळीपासून हेच करत होतो. भगदाडाला दगड लावला, वर हातभर नाही, दोन हात माती. टिकेल की नाही माहीत नाही. ठेवणीतल्या मडक्यातला राता घरामागच्या उंच तुकड्यावर लावणार आहे. कोळगावच्या साहेबांनी ठेवलेली मूठही परत मागून आणली. खालचं शेत पावसाने धुऊन निघालं की तिथे. नाही निघालं तर वरच.

धीरजचं तू मला एका शब्दाने सांगितलं असतंस तर मी त्याला इथे बोलावून घेतलं असतं. भिंतीकडे बघण्याऐवजी शेताकडे बघत बसला असता. माझ्या भाच्यासाठी मी जमीनसुद्धा दिली असती, कदाचित. आता ते कळायचा मार्ग नाही. तू मागितलं नाहीस, काढून घेतलंस.

पण मला शेतापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची चीड येते. गेल्या आठवड्यात जिवल्या ओटीवर आला. घामाघूम. म्हणाला, "सुलूबाय, माजा वाटा झाला." मी चहा ठेवला होता. पातेलं उतरवून ठेवलं आणि चपला घातल्या. त्याच्या बांधावर गेले, टोकापासून टोकापर्यंत चालले, दोनदा काठी खुपसून बघितली. चांगला चढवलेला होता, माझ्याहून नीट. परत आले तर तो तसाच उभा होता, मान खाली घालून. "बगितलंस?" एवढंच म्हणाला. मी हो म्हटलं. चहा न घेता गेला. ज्या माणसाने तुझ्या वाट्याची माती वाहिली, त्याला मी खोटारडा ठरवून आले.

आज सकाळी उठून बघते तर जिवल्या माझ्या बांधावर. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत होता, हातात काठी.

बाबा असते तर त्यांनी त्याला कान धरून परत आणलं असतं. मी दारात उभी राहून बघत राहिले. मला ते तोंड राहिलेलं नाही.

सुलोचना